थोडं कमी करा

आमच्या घरात व्यायामाला कायम आकडा लागायचा. "नमस्कार घातलेस का?" हा अर्धा प्रश्न, "किती?" हा खरा. बाबा स्वतः पहाटे उठून घालायचे. बाराव्या नावापर्यंत पोचताना त्यांचा श्वास कुठे असतो, गुडघा काय म्हणतो, हे त्यांना कुणी कधी विचारलं नाही आणि त्यांनी स्वतःला विचारलं असेल असंही वाटत नाही. नमस्कार झाले, आकडा झाला, आंघोळ झाली, दिवस सुरू. रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर सगळ्यांनी मिळून नमस्कार घालायचे, तेव्हाही शेवटी फळ्यावर बेरीजच लिहिली जायची. टाळ्या त्या बेरजेला.

यात बाबांचा तरी काय दोष? परंपराच दांडगी. समर्थ रामदासांच्या नावावर रोजचे बाराशे नमस्कार सांगितले जातात, आणि सांगणारा ते अशा आवाजात सांगतो की बारावर थांबणाऱ्याने आपण होऊन मान खाली घालावी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर नमस्कारांचा संसारच थाटला. स्वतः घातले, राणीसाहेबांना घालायला लावले, राजपुत्रांना लावले आणि मग संस्थानातल्या शाळांमधल्या पोरांनाही सोडलं नाही. हा माणूस नुसता व्यायामवेडा नव्हता. उत्तम चित्रकार होता, आणि पुढे संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती देऊन मोकळा झाला. त्यांच्या नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघालं. त्याच्या नावातच 'दहा कलमी' आरोग्यमार्ग होता. साहेबाच्या देशात गेलो तरी आकडा काही सुटला नाही.

अशा वातावरणात वाढलेल्या बाईला पन्नाशी उलटल्यावर कुणीतरी "थोडं कमी करा" असं सांगितलं तर ती आधी मागे वळून बघते. आपल्यालाच म्हणतायत ना?

सांगणाऱ्या होत्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळचा वर्ग घेणाऱ्या मॅडम. 'सजग हालचाल' अशी पाटी लागली तेव्हा सोसायटीत त्यावर बरीच चर्चा झाली. सजग म्हटल्यावर काहींना तो वॉचमनसाठी असावा असं वाटलं. तरी मान धरलेले, कंबर लचकलेले, झोप न येणारे आणि घरी करमत नसलेले असे आम्ही बरेच जण जमलो. टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, नवे बूट. मॅडम म्हणाल्या, बूट काढा आणि पाठीवर झोपा. झोपलो. आता उजवा खांदा जमिनीवरून किंचित उचला. उचलला. "थोडं कमी करा." कमी केलं. "अजून कमी." बँकेतून निवृत्त झालेले काका माझ्या शेजारच्या सतरंजीवर होते. ते छताकडे बघत म्हणाले, "मॅडम, याहून कमी म्हणजे नुसता विचारच उरतो."

"चालेल की. नुसता विचार करा," मॅडम म्हणाल्या.

"फी मात्र पूर्ण ना?"

मॅडम हसल्या, पण त्यांनी उत्तर दिलं नाही. हालचाल करणाऱ्या माणसाने हसावं, बोलू नये, असं त्यांचं धोरण असावं.

ही कमी करण्याची विद्या मोशे फेल्डेनक्राइस नावाच्या गृहस्थांची. १९०४ साली आजच्या युक्रेनमध्ये जन्मले, पोरवयात पॅलेस्टाइनला गेले, पुढे पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रज्ञ झाले, तिथे जोलिओ-क्यूरींच्या प्रयोगशाळेत काम केलं. एवढं करून वर ज्यूदोही शिकले आणि शिकवला. मग गुडघ्याने दगा दिला. आपल्याकडे गुडघ्याने दगा दिला की माणूस तेल, लेप, पट्टा आणि शेवटी पुतण्याच्या ओळखीचा डॉक्टर या क्रमाने जातो. फेल्डेनक्राइस पडले शास्त्रज्ञ. त्यांनी स्वतःच्याच हालचाली निरखायला घेतल्या: पाऊल टाकताना नेमकं काय काय हलतं, काय उगाच ताठ राहतं, कुठली सवय कामाची आणि कुठली फुकटची. त्यातून एक पद्धतच उभी राहिली. इस्राएलचे पंतप्रधान बेन-गुरियन त्यांचे शिष्य. सत्तरी ओलांडलेला हा पंतप्रधान समुद्रकिनाऱ्यावर चड्डीवर डोक्यावर उभा आहे असं १९५७ सालचं छायाचित्र जगभर गाजलं. देश चालवणाऱ्या माणसाने उलटं होऊन दाखवलं, याचं कौतुक मला आजही आहे. आपल्याकडे पुढारी उलटतात, पण त्यात शीर्षासनाचा काही संबंध नसतो.

कमी का करायचं, याला फेल्डेनक्राइस यांनी एकोणिसाव्या शतकातल्या वेबर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचा दाखला दिला. जोर जितका जास्त, तितकी बारीक फरक ओळखण्याची ताकद कमी. डोक्यावर धान्याचं पोतं असेल तर त्यावर बसलेली माशी कळत नाही; कागद धरलेल्या हाताला कळते. म्हणजे खांदा खच्चून वर ओढला की तो वर आहे एवढंच कळणार. इवलासा हलवला तर मान कशी उगाच मदतीला धावते, दात कसे एकमेकांवर बसतात, श्वास कसा अर्ध्यावर अडतो, हे सगळं हळूहळू उघडकीला येतं. आणि आलं. खांदा हलवताना माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. जिभेचा तिथे काय संबंध? पण आमच्या घराण्यात बोलावल्याशिवाय मदतीला जाण्याची खोड आहेच.

एका सकाळी मॅडमनी घड्याळ आणलं. म्हणजे खरं नव्हे. पाठीवर झोपून गुडघे वर घ्या आणि कंबरेखाली एक मोठं घड्याळ आहे असं समजा. बारा बेंबीच्या बाजूला, सहा माकडहाडाच्या बाजूला. आता बाराकडे झुका, कंबर जमिनीला टेकेल. आता सहाकडे, कंबरेखाली पोकळी होईल. हळू. "काका, कुठे आहात?" मॅडमनी विचारलं. काका म्हणाले, "माझे केव्हाच बारा वाजलेत." हॉलभर हशा पिकला आणि गंमत म्हणजे त्या हसण्यात सगळ्यांच्या कंबरा आपोआप सैल झाल्या. पुढचा अर्धा तास घड्याळ बिनबोभाट चाललं. माझं चार ते पाचच्या दरम्यान दरवेळी बंद पडायचं. म्हणजे तिथे माझी कंबर वळण घ्यायची सोडून थेट उडी मारायची. वरून बघणाऱ्याला हे दिसणार नाही. आतून मात्र रस्त्यावरचा खड्डा कळावा तसं कळत होतं.

हा खड्डा मेंदूतही असतो म्हणे. वाइल्डर पेनफिल्ड हे कॅनडातले मेंदूचे शल्यविशारद. रुग्ण जागा असताना शस्त्रक्रिया करत, मेंदूच्या पृष्ठभागावर हलकासा विद्युतप्रवाह देत आणि विचारत, कुठे काय वाटलं? त्यातून शरीराचा नकाशा तयार झाला. १९३७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. नकाशातल्या त्या माणसाला ओठ आणि हात अगडबंब, आणि पाठीला जेमतेम जागा. पाठ आपली सगळ्यात मोठी, ओझं तिच्यावर, टेकायला ती, 'पाठीशी उभे राहू' असं म्हणून आपण मतं मागतो ती. आणि मेंदूच्या सात-बाऱ्यावर तिच्या नावाने एवढंसं बांधावरचं रान. ती दुखेपर्यंत तिची आठवण होत नाही यात नवल ते काय.

बरं, जे जाणवतं ते तरी खरं असतं का? इथे अलेक्झांडर साहेबांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एफ. एम. अलेक्झांडर, जन्म १८६९, टास्मानिया. धंदा रंगमंचावर शेक्सपिअर म्हणून दाखवण्याचा. आणि ऐन प्रयोगात आवाज बसायचा. डॉक्टरांनी घसा तपासला, काही सापडलं नाही, विश्रांती घ्या म्हणाले. विश्रांतीत आवाज यायचा, रंगमंचावर जायचा. तेव्हा हा माणूस आरशासमोर उभा राहिला. बघतो तर काय, म्हणायला तोंड उघडलं की मान मागे ओढली जाते, घसा दाबला जातो, आणि श्वास घशातल्या घशात घरघरत ओढला जातो. ठीक, मान पुढे ठेवू. ठेवली. आतून अगदी पुढे वाटत होती. आरशात बघितलं, तर ती होती तिथेच, किंवा आणखी मागे. कितीतरी काळ हा आरशाचा खेळ चालला, आणि त्यातून आपल्या अंगाची साक्ष सवयीने फितूर झालेली असते हे त्याच्या लक्षात आलं. सवयीचं वाकडं आपल्याला सरळ वाटतं, आणि खरोखरचं सरळ विचित्र वाटतं. पुढे लंडनमध्ये त्याच्याकडे बर्नार्ड शॉ आणि आल्डस हक्सली यांच्यासारखी माणसं शिकायला आली. शॉ ऐंशीच्या घरात असताना आला. स्वतःचं वाकडेपण कुणाकडून ऐकून घ्यायला तो इतका काळ थांबला, हे त्याच्या एकंदर स्वभावाला धरून आहे.

आमच्या हॉलमध्ये आरसा नव्हता. मॅडमनी सगळ्यांना डोळे मिटून ताठ उभं राहायला सांगितलं आणि मोबाइलवर बाजूने फोटो काढले. मग एकेकाला दाखवले. काका बराच वेळ स्वतःचा फोटो न्याहाळत होते. मान कासवासारखी पुढे, पोट त्याच्याही पुढे. शेवटी म्हणाले, "फोटो वाकडा काढलाय तुम्ही."

पुण्यात राहून या विषयावर लिहायचं आणि अय्यंगार गुरुजींचं नाव काढायचं नाही, हे शक्य नाही. कर्नाटकातल्या बेल्लूरचे हे गुरुजी १९३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आले. मराठी येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम, आणि समोर जिमखान्याचे तयार कसरतपटू. पुण्याने त्यांना कसं वागवलं असेल याची कल्पना पुणेकराला वेगळी द्यायला नको. पण ते टिकले. १९७५ मध्ये पत्नीच्या नावाने शिवाजीनगरला संस्था उभी राहिली, आणि मग जगभरची माणसं भिंतीवरच्या दोरांना लोंबायला पुण्यात येऊ लागली. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, घड्या घातलेल्या चादरी, लोखंडी खुर्च्या: त्या वर्गात पहिल्यांदा शिरणाऱ्याला आपण चुकून मांडववाल्याच्या गोदामात आलो असं वाटू शकतं.

फेल्डेनक्राइस म्हणतात कमी करा. गुरुजी काही कमी करायला सांगणाऱ्यांतले नव्हते. त्यांच्या करड्या शिस्तीच्या कथा जगभर आहेत. तुम्ही नुसते उभे असाल, तर टाचेची बाहेरची कड जमिनीला टेकली आहे का आणि करंगळीला त्याची खबर आहे का, इथपर्यंत विचारणा. पण दोन्हीकडे प्रश्न शेवटी एकच येतो: आत्ता, या घडीला, तुझ्या अंगात काय चाललंय? "किती झाले?" असं दोघंही विचारत नाहीत. मला व्यक्तिशः फेल्डेनक्राइस अधिक मानवतात. त्याचं कारण तत्त्वज्ञानाचं नाही. ते झोपून करायला सांगतात, हे आहे.

अर्थात झोपण्यातही गुरुजींनी सोय ठेवलेली नाही. १९६६ साली आलेल्या 'लाइट ऑन योगा' या त्यांच्या ग्रंथात सहाशेच्या आसपास छायाचित्रं आहेत, आणि अवघडपणानुसार आसनांना एकपासून साठपर्यंत चढते अंक दिले आहेत. बघा, आकडा इथेही आलाच. बघतानाच सांधे कुरकुरावेत अशी ती आसनं. पण शेवटाला शवासन येतं तेव्हा गुरुजी सांगतात की हे दिसायला सोपं आसन साधायला फार कठीण, कारण शरीर स्थिर ठेवणं जमतं, मन ठेवणं जमत नाही. व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन १९५२ मध्ये मुंबईत आले होते, थकलेले होते, आणि गुरुजींना त्यांनी मोजकी मिनिटं दिली होती. गुरुजींनी त्यांना शवासनात झोपवलं. मेन्युहिन गाढ झोपले ते तासाभराने उठले, असं सांगतात. पुढे त्यांनी गुरुजींना भेट दिली ती घड्याळाची, आणि त्यावर आपला सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षक अशा अर्थाची अक्षरं कोरून घेतली. व्हायोलिनला हात न लावता मिळालेली ही पदवी.

आमच्या वर्गात शवासनात झोपणारे मेन्युहिन पुष्कळ. फरक इतकाच की ते घोरतात. घोरणाऱ्याला उठवावं की नाही यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, बिचाऱ्याला रात्री झोप लागत नाही, झोपू दे. दुसरा म्हणतो, आम्हालाही लागत नाही. मॅडम एवढंच सांगतात की श्वास सोडताना तो घ्यायच्या वेळेपेक्षा किंचित लांबू द्या. त्यामागची यंत्रणा साधी आहे. श्वास घेताना हृदय जरा भरभर चालतं, सोडताना जरा मंद. व्हेगस नावाची लांबलचक नस मेंदूच्या बुडापासून निघून मान, छाती, पोट असा मुक्काम करत जाते आणि हृदयाला लगाम लावण्याचं काम तिच्याकडे आहे. उच्छ्वास लांबला की लगाम थोडा जास्त वेळ धरला जातो. योगात शरीराचं नेमकं काय होतं ते यंत्रं लावून बघावं, हे आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांना फार आधी सुचलं होतं. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि प्रयोगांचे निष्कर्ष छापायला 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिकही. लोणावळ्याहून येताना चिक्कीशिवाय काही आणता येतं, हे आमच्या पिढीला उशिरा कळलं.

हे सगळं ऐकल्यावर कुणीतरी हमखास म्हणतंच, "आपल्या आज्या जात्यावर दळायच्या, त्यांना कुठे असले वर्ग लागायचे?" माझ्या सासूबाई लहानपणी जात्यावर बसलेल्या. त्यांना मी हे विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, हात भरून यायचे, म्हणून तर ओव्या म्हणायचो. गिरणी आली त्या दिवशी गावातल्या बायांनी नारळ फोडला." जात्याचा महिमा गाणाऱ्यांनी आधी एक पायली दळावं, मग बोलू.

फुगडीचं मात्र वेगळं. श्रावणात मंगळागौरीला दोघी एकमेकींचे हात धरून, पावलं जवळ आणून मागे झुकतात, तेव्हा तोल एकटीच्या मालकीचा राहत नाही. समोरची जितकी मागे झुकेल तितकंच आपण झुकायचं. जरा ताठ राहिलं, जरा घाबरलं, की दोघी भुईला. वेग वाढतो तशी मान सैल सोडावी लागते, पकड घट्ट आणि खांदे मोकळे ठेवावे लागतात. हे कुणी समजावून सांगत नाही, अंग शिकतं. आणि फुगडी संपल्यावर भिंतीला टेकून जे हसू फुटतं ते वर्षभराच्या सासुरवासावर उतारा म्हणून पुरत असावं. पण आता मंगळागौरीचेही गट झाले, एका रंगाच्या नऊवारी झाल्या, तालमी झाल्या, परीक्षक झाले. फुगडीलाही गुण मिळायला लागले. आमच्या हाती कुठलीही मोकळी गोष्ट द्या, आम्ही तिला वर्षाच्या आत स्पर्धा करून दाखवू.

वर्गाचंही तेच व्हायची वेळ आली होती. काकांच्या मुलाने त्यांना मनगटावर बांधायचं नवं घड्याळ पाठवलं अमेरिकेहून. ते नाडी मोजतं, झोप मोजतं, आणि दिवसातून काही वेळा थरथरून आठवण करतं की आता शांत श्वास घ्या. ट्रॅफिकमध्ये, भाजीवाल्याशी घासाघीस करताना, कुठेही. काका ते वर्गात घालून यायला लागले आणि शवासन संपताच सगळ्यांना आपला शांततेचा आकडा वाचून दाखवायला लागले. दोन दिवसांत आणखी तिघांच्या मनगटांवर घड्याळं आली. चौथ्या दिवशी शवासनात कुणाचं मन जास्त शांत झालं यावरून वाद झाला, आणि सगळ्यांच्या नाड्या एकदम वर गेल्या. मॅडमनी दाराशी एक स्टीलचा डबा ठेवला. घड्याळं त्यात काढून ठेवायची, मग आत यायचं. तो डबा कढईतली भजी निथळायला ठेवावा इतका मोठा होता. बहुधा त्यासाठीच घेतलेला.

काकांना नेमका कशाने फरक पडला, सांगता येणार नाही. पण पडला. जिना चढताना ते कठड्याला लोंबकळेनासे झाले. फोनवर मुलाशी बोलताना त्यांचे खांदे कानांपर्यंत जायचे, ते अर्ध्यावर थांबू लागले. काकूंनी मला वाटेत गाठून सांगितलं की हे हल्ली वरण जास्त खारट झालं तरी आधी श्वास सोडतात, मग बोलतात.

मग सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आली. विषय पार्किंगचा. दरवर्षी या विषयावर काका उठायचे, पहिल्याच वाक्याला मान ताणायची, शिरा टरारून यायच्या, आवाज चिरका व्हायचा आणि पाच मिनिटांत दम लागून ते खाली बसायचे. सेक्रेटरी ती पाच मिनिटं गृहीत धरूनच कार्यक्रमपत्रिका आखत. या वर्षीही काका उठले. पण लगेच बोलले नाहीत. दोन्ही तळवे जमिनीला नीट टेकवले. खांदे खाली सोडले. जबडा सैल केला, हे मला तिसऱ्या रांगेतूनही दिसलं. एक लांब श्वास सोडला. मागे उभ्या असलेल्या मॅडमच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते पाहण्यासारखं होतं. आणि मग काका बोलायला लागले. घसा मोकळा, आवाज खणखणीत, माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. गेल्या अकरा वर्षांचे ठराव, पाहुण्यांच्या गाड्या, बिल्डरने दाखवलेला नकाशा आणि प्रत्यक्षातला नकाशा, सगळं न धापता, न अडखळता, एकामागून एक. पाच मिनिटं झाली, वीस झाली. सेक्रेटरींनी दोनदा घंटी वाजवली. काकांनी दोन्ही वेळा त्यांच्याकडे बघून शांतपणे मान हलवली आणि पुढचा मुद्दा घेतला. चहा निवला. जेवणाची वेळ झाली तरी काका उभेच, आणि ताठ, फोटो काढून ठेवावा इतके.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी मॅडमना पत्र पाठवून हॉलचं भाडं वाढवल्याचं कळवलं.